वाळवंटात दुपारी भट्टी आणि रात्री कुडकुड, असं का?

राजवाड्याजवळची
डिसेंबरमधे आम्ही इंदूरहून जैसलमेरला गेलेलो, तिथल्या सम गावच्या वाळूत दुपारी स्वेटर काढून ठेवले आणि रात्री तंबूत रजई ओढूनही मुलं कुडकुडत होती. मुलगा विचारतो एवढी तापलेली वाळू, तिची गर्मी जाते कुठे? वाळू लवकर तापते लवकर निवते हे सांगून त्याचं काही समाधान झालं नाही. कोणी नीट समजावेल का?

मालव्याचा
ताई, तुमचं बरोबर आहे पण ते अर्धं झालं. कोरड्या वाळूत कणांच्या मधे हवा असते म्हणून ऊन खाली मुरतच नाही, वरचा पातळ थर तेवढा तापतो (उन्हाळ्यात ६० च्या वर), हातभर खणा, तिथे दिवसरात्र जवळपास सारखंच. सूर्य गेला की हा थर इन्फ्रारेडने (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी) गर्मी वर सोडत राहतो आणि खालून भरपाई येत नाही. आता खरी गंमत हवेत आहे, हवेतली वाफ ही इन्फ्रारेड शोषते आणि बरीचशी परत जमिनीकडे पाठवते, म्हणजे गोधडीच. थारमधे वाफ कमी, ढग नाहीत, बरीच गर्मी सरळ आकाशात.

मुलाला इंदूरचंच दाखवा ना. एप्रिलमधे दुपारी ३८-३९ आणि पहाटे २१-२२, ऑगस्टमधे साधारण २८ आणि २२. काळी माती तीच, फक्त पावसाळ्यात जमीन ओली, हवा दमट आणि वर ढग. आपली शब-ए-मालवा, म्हणजे मालव्याची रात्र, गार का, तेही यातच आलं.

जुना_इंदुरी
एक जोडतो, दिवसा ५० आणि त्याच रात्री शून्य असं काही होत नाही हो. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ गेलं होतं पण मे महिन्यात तिथे रात्रीही उकडतंच, शून्याजवळचं सगळं डिसेंबर-जानेवारीतलं. एका दिवसातला फरक बहुतेक १५-२० डिग्री.

राजवाड्याजवळची
दादा, पण नुसती आकाशात गर्मी जाऊन इतकं गार होतं?

मालव्याचा
होतं, बर्फसुद्धा जमतो! १७७५ मधे रॉबर्ट बार्कर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने अलाहाबादकडची पद्धत लिहून ठेवलीय, खड्ड्यात उसाची चिपाडं नि मक्याची वाळलेली ताटं पसरायची, त्यावर मातीच्या उथळ थाळ्यांत उकळून गार केलेलं पाणी ठेवायचं, पहाटे वर बर्फाची पापडी. खालची चिपाडं जमिनीची ऊब अडवायची आणि पाणी उघड्या आकाशाकडे गर्मी सोडायचं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला तरच जमायचं.