कपाट उघडलं की अंगावर कोसळतं, काय करू?

तिसरा_कप्पा:
नमस्कार मंडळी. शीर्षक वाचून हसू नका, खरंच कोसळतं. काल सकाळी पावणेआठची लोकल गाठायची होती आणि थप्पीच्या खालून एक काळी लेगिंग ओढली तर वरचं सगळं धपकन खाली, नवऱ्याची माकडटोपी, उशांचे अभ्रे आणि एक प्लास्टिकची पिशवी, जिच्यात काय आहे ते बघायचं धाडस मी दोन वर्षं केलं नव्हतं. लोकल गेली. सगळं तसंच आत कोंबलं आणि गुडघ्याने दार लावलं.

तर परिस्थिती अशी. डोंबिवलीत 2 बीएचके, बेडरूम 10 बाय 11. कपाट 2016 मध्ये सुताराकडून करून घेतलेलं, 6 फूट रुंद, 7 फूट उंच, वर लॉफ्ट. उजवा भाग नवऱ्याचा, डावा माझा असं ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई वाईचं घर बंद करून आमच्याकडे आल्या, त्यांच्या लोखंडी ट्रंकेला इथे जागा नाही म्हणून ट्रंक तिकडेच राहिली आणि आतल्या चाळीसेक साड्या माझ्या भागात आल्या. त्यात 4 पैठण्या, थोड्या रेशमी, बाकी सगळ्या आहेरात आलेल्या. मी विचारलं, आई, यातल्या थोड्या कुणाला देऊन टाकूया का, तर म्हणाल्या, "बघ तुला काय योग्य वाटतं ते." ज्यांना सासू आहे त्यांना या वाक्याचा अर्थ मी सांगायला नको.

शिवाय पावसाळ्यात डाव्या कोपऱ्यात कुबट वास येतो, एका पर्सवर पांढरी बुरशी आलेली. डांबर गोळ्या टाकल्यात भरपूर. आता ऑनलाइन ते झिपचे, पुढे प्लास्टिकची खिडकी असलेले कापडी डबे मिळतात ते 12 मागवावे म्हणतेय. कुणी वापरलेत का? टिकतात का?

आळशी_मुलुंडकर:
मागवा की. पुढच्या वर्षी 'डबे ठेवायला जागा नाही' म्हणून नवीन धागा काढा, आम्ही इथेच आहोत.
जोक्स अपार्ट, आमच्याकडे 8 आणले होते, हौसेने प्रत्येकावर चिठ्ठी लावली, आणि आता 'हिवाळी' लिहिलेल्या डब्यात चार्जरच्या वायरी आहेत. डब्यात गेलेलं दिसत नाही आणि न दिसलेलं आपण परत विकत घेतो, माझ्याकडे पांढरे बनियन 22 निघाले.

रंधा_पटाशी:
फर्निचरचं काम करतो म्हणून सांगतो ताई, डबे मागवायच्या आधी टेप घ्या आणि दोन फळ्यांमधलं अंतर मोजून इथे टाका.

तिसरा_कप्पा:
मोजलं. साडेअठरा इंच. तीन कप्पे तसे, खाली एक ड्रॉवर, आणि बाजूला हँगरच्या दांडीचा उभा खण आहे त्यात माझे 5 ड्रेस आणि इस्त्रीचं टेबल.

रंधा_पटाशी:
गोम तिथेच आहे. घडीच्या कपड्यांना 9 ते 12 इंच बास होतात. साडेअठरा दिले की माणूस वरपर्यंत थप्पी लावणार आणि खालचं ओढलं की वरचं येणारच, त्यात तुमची काही चूक नाही. सुताराला सोपं जातं म्हणून तो तीन समान भाग पाडून मोकळा होतो, गिऱ्हाईकही काही बोलत नाही, काम चालू असताना सगळ्यांचं लक्ष सनमायकाच्या रंगावर. प्रत्येक कप्प्यात मधे एक फळी टाकून घ्या, 18 एमएमचा प्लाय, दोन्ही बाजूंना पट्ट्या मारून वर नुसती ठेवायची, स्क्रूने आवळू नका म्हणजे हवी तेव्हा काढता येते. फळी सलग 3 फुटांपेक्षा लांब नको, साड्यांचं वजन पडलं की मधे झोल येतो. आणि मधली फळी पूर्ण खोलीची करू नका. कपाट 2 फूट खोल असतं ते हँगर आडवा मावावा म्हणून, घडीच्या कपड्यांना एवढी खोली लागतच नाही, मग आपण मागे दुसरी रांग लावतो आणि ती दिवाळीलाच दिसते. मधली फळी 15-16 इंचाची केली की खालच्या कप्प्यात मागचं वरून वाकून दिसतं.
उभ्या खणातून इस्त्रीचं टेबल काढा, ते दारामागे जाईल. शर्ट-कुर्तीला साधारण 40 इंच उंची लागते, खण उंच असेल तर खाली दुसरी दांडी बसते. अर्ध्या दिवसाचं काम आहे. फक्त छोट्या कामाला सुतार येत नाही, आला तर चहा दोनदा घेतो, हे मीच कबूल करतो.

जरीकाठ:
डांबर गोळ्या वाचून पोटात गोळा आला! अगं पैठण्यांजवळच्या गोळ्या आधी काढ. जरीचा काठ काळवंडतो, आणि गोळी कापडाला चिकटून राहिली तर डाग पडतो तो वेगळाच. आणि घरात तान्हं बाळ असेल किंवा येणार असेल तर त्याच्या दुपट्या-झबल्यांत तर अजिबात टाकू नको, काही बाळांना त्या वासाने रक्ताचा त्रास होतो, जी6पीडी नावाचं रक्तातलं एन्झाइम कमी असणाऱ्यांना, हे आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.
पैठणीला जुनं धुतलेलं मलमल नाहीतर सुती पंचा घे आणि त्यात गुंडाळ. प्लास्टिकची पिशवी नको, दुकानातून आली त्या खोक्यात पण नको, लोखंडी हँगर तर नकोच, गंजाचा डाग रेशमावरून जात नाही. आणि मुख्य म्हणजे तीन-चार महिन्यांनी घडी मोड. त्याच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की रेशीम तिथेच तुटतं. माझ्या आईची गर्द जांभळी साडी मी भाचीच्या मुंजीला काढली, पलंगावर पसरली आणि निऱ्या करायला उचलली तर घडीच्या रेषेवर चार बोटं चीर, आवाजसुद्धा झाला नाही. रफू करून काही उपयोग नाही असं रफूवाला म्हणाला, बाजूचं कापडच विरलेलं. आता तिचे दोन कुशन कव्हर आहेत आणि त्यांच्यावर कुणी टेकलं की मी ओरडते.
किड्या-कसरीसाठी वेखंडाचे तुकडे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेव, साडीला टेकू देऊ नको. लवंगा पण चालतात.

पागोळ्या:
आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे बुरशी हा आमचा घरगुती विषय. पहिलं हे बघा की डाव्या कोपऱ्यामागची भिंत बाहेरची आहे का. असेल तर कितीही वेखंड ठेवा, ओल भिंतीतून येते. कपाटाची मागची पाठ हाताने दाबून बघा, मऊ लागली तर बाहेरून भिंतीची तड बुजवून वॉटरप्रूफिंग करावं लागेल, आतून रंग मारून काही होत नाही, सोसायटीच्या मागे लागा. मोकळं कपाट असेल तर भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढतात, तुमचं भिंतीत बसवलेलं म्हणून तो मार्ग नाही.
भिंत कोरडी असेल तर मग हवा कोंडतेय. आमच्याकडे पावसात रोज संध्याकाळी तासभर कपाटाची दारं उघडी आणि पंखा चालू. पूर्वी कपाटात बारका बल्ब लावून ठेवायचे ऊब राहावी म्हणून, आता कपड्यांच्या गर्दीत ते करू नका, आग लागायची. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात ते चांगले, पण त्यात खाली पाणी साठतं, ते कपड्यांवर सांडलं तर निस्तरता निस्तरत नाही, म्हणून तळाला ठेवा आणि लक्षात ठेवून ओता. आणि इस्त्रीचा गरम कपडा लगेच आत ठेवू नका, वाफ आतच राहते. हे आमच्या घरात फक्त मला पटलेलं आहे.

जरीकाठ:
आणि आहेराच्या साड्यांचं एकटीने ठरवू नको. सासूबाईंना पलंगावर बसव, पाठीला उशी दे, आणि एकेक साडी त्यांच्या हातात दे. 'टाकू का' विचारू नको, 'ही कुणी दिली होती' विचार.

तिसरा_कप्पा:
रविवारी केलं. 11 ला बसलो ते साडेचारला उठलो, मधे पिठलं-भात. साड्या 43 निघाल्या. 'कुणी दिली' या प्रश्नाने अर्धं गाव येऊन गेलं घरात. एक पोपटी साडी बघून आई म्हणाल्या, ही नणंदेने दिली, तिला तरी कुणीतरी दिलेली असणार, दे आता पुढे. त्या एका वाक्यावर 16 साड्या 'पुढे' निघाल्या, ओटीला आणि कामाच्या मावशींना. 5 मऊ सुती गोधडीला, कारण वाईला एक बाई अजून हाताने शिवते म्हणे. जुन्या सिंथेटिक 7 बोहारणीला. त्यावर आईंनी स्वतः घासाघीस करून स्टीलची परात मिळवली, ती ठेवायला आता स्वयंपाकघरात जागा नाही. उरल्या 15, पैठण्या पंच्यात. एका फिक्या निळ्या साडीचं त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसती मांडीवर घेऊन बसल्या, मी पण विचारलं नाही आणि सगळ्यात वर ठेवली.
त्या प्लास्टिकच्या पिशवीत 9 ब्लाऊजपीस आणि एक खण निघाला. माझेच. हळदीकुंकवात आलेले, सासूबाईंचे समजून मी दोन वर्षं मनात कुरकुर करत होते.
गोळ्या फेकल्या. भिंत बाहेरचीच आहे, पाठ मऊ नाही पण गार लागते, सोसायटीला पत्र दिलंय. सुतार गुरुवारी येतो म्हणालाय, कुठल्या गुरुवारी ते नाही म्हणाला.

आळशी_मुलुंडकर:
आणि ते 12 डबे?

तिसरा_कप्पा:
कार्टमधून काढले.
काल उजवी बाजू उघडली. नवऱ्याच्या इंजिनिअरिंगच्या नोट्स, 2004 च्या, सुतळीने बांधलेल्या. विचारलं, टाकू का? मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बघ तुला काय योग्य वाटतं ते."