20 वर्षांखालील रग्बी विश्वस्पर्धा: गटात हरलेला संघ विजेता कसा होतो?

गवतावरचा

वर्ल्ड रग्बीच्या 20 वर्षांखालील स्पर्धेबद्दल काही प्रश्न आहेत. सीनियर विश्वचषकाचं गणित बऱ्यापैकी कळतं, पण इथे थोडं वेगळं दिसतं.

2025 पर्यंत 12 संघ, 4-4 चे 3 गट होते. मग उपांत्य फेरीत चौथा संघ कुठून यायचा? 2025 ला इटलीत फ्रान्स गटात अर्जेंटिनाकडून हरूनही उपांत्य सामना खेळला.

दुसरं म्हणजे एका सामन्यातून पुढच्या सामन्यात निम्मा संघ बदललेला असतो. चांगला जमलेला संघ का मोडतात?

तिसरं. 10 गुणांनी मागे, शेवटची दोन मिनिटं, आणि पेनल्टी (नियमभंगाबद्दलची किक) मिळाल्यावर टचला (बाजूच्या रेषेबाहेर) मारून ट्रायसाठी (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवायला) जायचं सोडून खांबांमध्ये मारून 3 गुण घेतात. हरायचंच आहे तर 3 गुण कशाला?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. "अनुभव मिळावा म्हणून" छापाची उत्तरं कॉमेंटरीत ऐकून झाली आहेत.

---

टचलाइन

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे: बोनस गुण.

विजयाला 4, बरोबरीला 2. चार किंवा जास्त ट्राय केले तर 1 जादा, मग सामना जिंका किंवा हरा. 7 किंवा कमी गुणांनी हरलात तरी 1. 2025 पर्यंतच्या रचनेत तिन्ही गटांचे विजेते थेट उपांत्य फेरीत जायचे आणि तीन दुसऱ्या क्रमांकांपैकी ज्याचे गटातले गुण सर्वांत जास्त, तो चौथा.

आता हिशोब करा. दोन सामने बोनससह जिंकले की 10. तिसरा हरला, पण चार ट्राय केले आणि फरक 7 च्या आत ठेवला तर आणखी 2. झाले 12. तीनही सामने बोनसशिवाय जिंकणाऱ्याचेही 12 च होतात.

तुमचा 10 गुणांनी मागे असलेला संघ इथे बसतो. खांबांसमोरची पेनल्टी मारली की फरक 7 वर येतो, म्हणजे हरतानाचा 1 गुण खिशात. वर मध्यरेषेवरून खेळ पुन्हा सुरू होतो, प्रतिस्पर्धी किक मारतो, म्हणजे चेंडू परत आपल्याकडे येण्याची शक्यता जास्त. तिथून एक ट्राय आणि कन्व्हर्जन (ट्रायनंतरची खांबांमधली किक), म्हणजे 7, केला तर थेट बरोबरी. टचला मारून लाइनआउट (रेषेबाहेरून चेंडू आत फेकून खेळ सुरू करणं) हरलात तर यातलं काहीच नाही. फक्त एक पथ्य पाळायचं: घड्याळ 80 च्या पुढे जाण्याआधी किक झाली पाहिजे. 80 नंतर पेनल्टी खांबांमध्ये मारली की सामना तिथेच संपतो. टचला मारली तर लाइनआउट मिळतो आणि खेळ चालू राहतो. किक मारायला 60 सेकंद मिळतात, त्यामुळे 78:30 ला मिळालेली पेनल्टी रेंगाळत घेणारा किकर स्वतःच्याच संघाचं नुकसान करतो.

उदाहरण 2013, फ्रान्समधली स्पर्धा. इंग्लंड गटात दक्षिण आफ्रिकेकडून 24-31 हरलं. फरक बरोबर 7, म्हणजे एक गुण हाती. त्याच गटात अमेरिकेला 109-0 हरवलेलं. सर्वोत्तम दुसरा संघ म्हणून उपांत्य फेरीत गेले, तिथे न्यूझीलंडला हरवलं आणि अंतिम सामन्यात वेल्सला 23-15. 2019 ला फ्रान्सही गटात अर्जेंटिनाकडून हरलं होतं, तरी शेवटी ऑस्ट्रेलियाला 24-23 हरवून करंडक त्यांनीच नेला.

उलट बाजू 2016 ची. न्यूझीलंड गटात आयर्लंडकडून हरलं, पहिल्या चारात आलंच नाही आणि पाचव्या स्थानावर थांबलं. आयर्लंड अंतिम फेरीत.

आणि एक. एकाच गटात दोघांचे गुण सारखे झाले तर आधी त्यांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल पाहतात. वेगवेगळ्या गटांतले दुसरे संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात, म्हणून तिथे गुणांची बरोबरी झाली की गुणफरक. 60-0 असतानाही संघ थांबत नाही ते यामुळे. दुबळ्या संघाची दया येते खरी, पण या रचनेत दया परवडत नाही.

---

तीन_नंबरची_जर्सी

संघ का मोडतात, यावर.

2025 च्या तारखा बघा: 29 जून, 4 जुलै, 9 जुलै, 14 जुलै, 19 जुलै. दर पाचव्या दिवशी सामना, 21 दिवसांत 5. सीनियर संघ सहसा आठवड्याला एक खेळतात. पाच दिवसांचं चक्र असं चालतं: सामन्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त पोहणं, सायकल, मालीश. तिसऱ्या दिवशी हलकं चालतं-बोलतं सत्र. चौथ्या दिवशी एकमेव खरा सराव, त्यातही पूर्ण ताकदीचे स्क्रम (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू भिडून एकमेकांना ढकलतात ते) मोजकेच. पाचव्या दिवशी कर्णधाराच्या देखरेखीखाली अर्धा-पाऊण तास, आणि सहाव्या दिवशी सामना. मार खाल्लेले स्नायू मोकळे व्हायलाच दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे सलग तीन सामने 80 मिनिटं खेळलेला फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा खेळाडू) उपांत्य सामन्यात टॅकलला अर्धं पाऊल उशिरा पोचतो. उशिरा पोचला की हात वर जातात, आणि मग पिवळं कार्ड.

आता आकडे. संघात साधारण 30 जण. सामन्याला 23, पैकी 6 जण स्क्रमच्या पहिल्या ओळीचे असावेच लागतात: दोन लूजहेड (डावीकडचे) प्रॉप, दोन हुकर (मधले), दोन टाइटहेड (उजवीकडचे प्रॉप). म्हणजे 8 राखीव खेळाडूंत 3 जागा आधीच गेल्या. म्हणून 30 मध्ये 5-6 प्रॉप आणि 3 हुकर नेतात, आणि ती कसरत सर्वांत अवघड. सेंटर दुखावला तर विंगर आत सरकवता येतो. टाइटहेड दुखावला तर त्याच्या जागी फ्लँकर घालता येत नाही. मानेचा प्रश्न आहे.

त्यातही 3 नंबर म्हणजे टाइटहेड. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिस्पर्धी असतात, समोरचा लूजहेड आणि हुकर दोघांचा जोर त्याच्यावर. 19-20 व्या वर्षी ही जागा पेलणारे कमीच, म्हणून प्रशिक्षक लूजहेडला उजवीकडे खेळवून वेळ मारून नेतात. मग काय बिघडतं? सवयीने त्याची कंबर बाहेर फिरते, छाती खाली जाते, स्क्रम कोसळतो. पेनल्टी. तिथून किक कोपऱ्यात, 5 मीटरवर लाइनआउट, मॉल (चेंडूवाल्याभोवती घोळका करून पुढे रेटणं), ट्राय. स्क्रममधली एक चूक 7 गुणांना पडते, आणि स्कोअरकार्डावर नाव हुकरचं येतं.

प्रशिक्षक शहाणा असेल तर ज्या सामन्यात जिंकण्याची खात्री जास्त, तिथे पहिला टाइटहेड 50 मिनिटांत बाहेर काढतो किंवा खेळवतच नाही. 2024 ला केपटाऊनमध्ये इंग्लंडने अंतिम सामन्यात फ्रान्सला 21-13 हरवलं, त्या मोहिमेत ओपोकू-फोर्जुर आणि फासोग्बन यांच्यासारखे प्रॉप हाताशी होते. जून-जुलै म्हणजे तिथला पावसाळी हिवाळा. ओल्या मैदानावर चेंडू हातून सुटतो, स्क्रम वाढतात, आणि ज्याच्याकडे चार चांगले प्रॉप तो जिंकतो. 2018 च्या विजेत्या फ्रान्सकडेही डेम्बा बाम्बा होता. बॅक्सचे (मागच्या, धावणाऱ्या खेळाडूंचे) व्हिडिओ व्हायरल होतात ते ठीक आहे.

---

मॉलवाला

वरच्या प्रतिसादात एक भर. 19 वर्षांखालच्या खेळाला नियमांतच सवलत असते: 35 मिनिटांचे दोन भाग आणि स्क्रममध्ये दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही. या स्पर्धेत तसलं काही नाही. पूर्ण 80 मिनिटं, हवं तितकं ढकला. म्हणजे शाळा आणि ज्युनियर क्लबमधून येणाऱ्या प्रॉपला अमर्याद ढकलणाऱ्या स्क्रमची सवय होऊन जेमतेम वर्ष-दोन वर्षं झालेली असतात, आणि समोर फ्रान्सचा प्रॉप असतो जो प्रो क्लबच्या सरावात रोज हेच करतो. दुबळे संघ पहिल्या 40 मिनिटांत टिकतात आणि 55 नंतर कोसळतात, त्याचं कारण बहुतेक वेळा स्क्रममध्येच सापडतं.

---

गवतावरचा

@टचलाइन, @तीन_नंबरची_जर्सी, धन्यवाद, हेच हवं होतं. उपप्रश्न: डोक्याला मार लागलेला किंवा लाल कार्ड मिळालेला खेळाडू या 21 दिवसांत परत येतो का?

---

फिजिओच्या_बाकावरून

डोक्याचं आधी. संशय आला की खेळाडूला 12 मिनिटांसाठी बाहेर नेऊन चाचणी होते, तोवर बदली खेळाडू मैदानात. बेशुद्धी, तोल जाणं, झटके असं काही उघड दिसलं तर चाचणीची वाटच बघायची नाही, तो त्या दिवसापुरता बाद. सामन्यानंतर 3 तासांच्या आत दुसरी तपासणी आणि 36 ते 48 तासांनी तिसरी. पहिली पास झाला म्हणजे सुटला असं नाही. लक्षणं दुसऱ्या दिवशीही उमटतात, तिसरी तपासणी त्यासाठीच आहे.

कन्कशन (मेंदूला धक्का) ठरलं तर 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे बहुतेक खेळाडू 12 दिवस बाहेर. ज्याचा पूर्वेतिहास स्वच्छ आणि लक्षणं लवकर गेली, तोही सातव्या दिवसाआधी नाही. आता हे तारखांवर ठेवा. 29 जूनला लागलं तर 4 जुलै नक्की गेला, 12 दिवस धरले तर 9 जुलैही गेला, थेट 14 ला. 9 जुलैला लागलं तर उपांत्य आणि अंतिम सामन्यांतला पहिला हुकतोच, आणि 19 ला 12 दिवस भरत नाहीत. प्रशिक्षकाला तिसऱ्या फ्लायहाफची (10 नंबरच्या, खेळ चालवणाऱ्या खेळाडूची) जागा "वाया" का घालवावी लागते ते इथे कळतं.

लाल कार्ड. 2023 पासून या स्पर्धेत बंकर आहे: रेफरी पिवळं दाखवतो, बाहेर बसलेला अधिकारी 8 मिनिटांत ठरवतो की ते लाल करायचं का. 2024 ला इथेच 20 मिनिटांचं लाल कार्ड वापरून पाहिलं. तो खेळाडू परत येत नाही, पण 20 मिनिटांनी संघ दुसरा उतरवू शकतो. जाणूनबुजून मारामारी केली तर जुन्यासारखं कायमचं 14 जणांत खेळणं. नवे नियम आधी या वयोगटावर करून बघायची वर्ल्ड रग्बीची सवय जुनी आहे.

बंदी वेगळी. डोक्याला लागलेल्या टॅकलला सुनावणीत किमान मधल्या श्रेणीपासून सुरुवात होते, म्हणजे 6 आठवडे. गुन्हा कबूल, पूर्वीचा रेकॉर्ड स्वच्छ, तर निम्म्यापर्यंत कमी होऊन 3. बंदी सामन्यांत मोजतात आणि टॅकलच्या तंत्राचं प्रशिक्षण घेतलं तर शेवटचा सामना माफ होऊ शकतो. म्हणजे सर्वांत सौम्य निकाल लागला तरी दोन सामने बाहेर. पहिल्या सामन्यात लाल मिळालं तर उपांत्य फेरीला परत, तिसऱ्यात मिळालं तर स्पर्धा संपली असंच धरायचं.

---

डेव्हनपोर्टची_काकू

थोडं अवांतर, पण इथेच विचारते. भाचा ऑकलंडला वाढलाय, जन्मही तिथलाच, आईवडील दोघेही सांगलीचे. तिथल्या वयोगटाच्या शिबिरांना बोलावतात. उद्या न्यूझीलंडच्या 20 वर्षांखालील संघातून खेळला तर भारताचं दार बंद होतं का?

---

टचलाइन

काकू, वर्ल्ड रग्बीपुरतं बोलायचं तर बंद होत नाही. पूर्वी देश आपला 20 वर्षांखालील संघ "सीनियरनंतरचा दुसरा संघ" म्हणून जाहीर करू शकत असत, आणि मग एका सामन्याने मुलगा त्या देशाला बांधला जायचा. 1 जानेवारी 2018 पासून ती सोय काढली. आता बांधून घेतात ते सीनियर 15, त्याखालचा जाहीर केलेला दुसरा संघ, आणि वयाच्या अटीसह सीनियर सेव्हन्स (7 जणांची रग्बी). नंतर देश बदलायचा तर 3 वर्षं आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहावं लागतं, आणि जन्म स्वतःचा किंवा आई-वडील-आजीआजोबांपैकी कुणाचा तरी त्या नव्या देशातला लागतो. तुमच्या भाच्याचे आईवडील सांगलीत जन्मलेले, त्यामुळे नात्याची अट पूर्ण होते. त्यांचे जन्मदाखले मात्र आत्ताच काढून ठेवा. जुन्या दाखल्यांवर मुलाचं नाव नसतं, ते दुरुस्त करायला वेळ जातो.

अडचण दुसरीकडे आहे. 2008 च्या सरकारी धोरणानुसार भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो, आणि दुहेरी नागरिकत्व नाही. न्यूझीलंडचा पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्डाने (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) काम होत नाही.

---

मॉलवाला

आणि काकू, त्याचं वयही मोजून घ्या. 2025 च्या स्पर्धेसाठी 1 जानेवारी 2005 किंवा त्यानंतर जन्मलेलेच चालत होते. दरवर्षी ती रेघ एक वर्ष पुढे सरकते. डिसेंबरात जन्मलेला मुलगा जानेवारीत जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ एक वर्षाने लहान असतो आणि तरी त्याच गटात मोजला जातो, प्रॉप असेल तर हा फरक शरीरावर दिसतो.

भारताचा संघ या स्पर्धेत आजवर आलेला नाही. आशियातून इथे दिसतो तो मुख्यतः जपान, हाँगकाँग खालच्या ट्रॉफी स्पर्धेत खेळलंय. आपल्याकडे भर सेव्हन्सवर आहे, ऑगस्ट 2025 ला राजगीरला आशियाई 20 वर्षांखालील स्पर्धा झाली तीही सेव्हन्सचीच, आणि तिथून या 15 च्या स्पर्धेत येण्याची वाट नाही. भाचा कोणत्या जागी खेळतो ते लिहा. बॅक असेल तर सेव्हन्सचा विचार होऊ शकतो, प्रॉप असेल तर ऑकलंडमध्येच राहू दे.

---

डेव्हनपोर्टची_काकू

हुकर आहे. जन्म नोव्हेंबरचा. दाखल्यांचं आजच सांगलीला फोन करून सांगते.