प्रतिसाद : सहा वर्षांनी आली आणि पुन्हा रडगाणंच?

दादा, ब्रिटिश गायिका ॲडेलच्या ‘३०’ या अल्बमबद्दल ‘सहा वर्षं थांबून ॲडेलनं परत तेच रडगाणं आणलं’ हे तुमचं काही पटलं नाही बगा. तिचा आधीचा अल्बम ‘२५’ आला नोव्हेंबर २०१५ला, ‘३०’ नोव्हेंबर २०२१ला. मधी तिचा घटस्फोट झाला, मग तो गाण्यात येणारच की! पण ‘३०’मधलं ‘माय लिटल लव्ह’ हेडफोन लावून ऐका. गाण्यातच लेकासोबतचं बोलणं येतं, आणि शेवटी तिची स्वतःची व्हॉइस नोट, हुंदके देत बोललेली. ‘२५’मधी असलं उघडं काही नव्हतं. ‘टू बी लव्ह्ड’मधी तर आवाज फाटायला आला तरी तसाच ठेवलाय. हे मला जास्त भावलं.

आणि गाणी क्रमानंच ऐका. तिच्या आग्रहावरून स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपनं अल्बमचं शफल (गाणी उलटसुलट क्रमानं वाजवणं) मागं सारलं होतं, उगीच नाही. मी परभणीहून संभाजीनगरला जाताना रेल्वेत ऐकला. ५८ मिनिटांचा आहे, परतूरच्या आसपास संपतो. रेंजचा भरवसा नाही, आधीच डाउनलोड करून ठेवा.

‘ओह माय गॉड’ मात्र मला भरतीचंच वाटलं. तिथं तुमचं खरंय.