सपाट जमिनीवर गोल्फचे नऊ होल: कुठले आधुनिक होल नमुना म्हणून घ्यावेत?

टी_बॉक्स: पुण्याजवळ नऊ होलचा कोर्स आखतोय. जमीन सपाट, वर काळी माती, पाणी बेताचं. गेल्या ४०-५० वर्षांतले कुठले होल उचलावेत? मालकांना बेटावरचं ग्रीन हवंय, म्हणजे झेंडा असलेली बारीक कापलेली हिरवळ आणि चहूकडे पाणी.

उतार: पॅसिफिक ड्यून्स कोर्सचा ६वा होल, डोळे झाकून. अमेरिकेतलं ओरेगन, आखणी टॉम डोक यांची, २००१. पार-४ (चार फटक्यांत पुरा व्हावा असा), जेमतेम ३१६ यार्ड. फेअरवे (ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) ऐसपैस, खरी गोम ग्रीनमध्ये: अरुंद, तिरकं, डाव्या अंगाला खोल बंकर (वाळूचा खड्डा). उजवीकडून आलात तर ग्रीनची लांबी समोर मिळते. डावीकडून बंकर ओलांडून चिंचोळ्या पट्ट्यावर चेंडू थांबवावा लागतो, तोही हातात वेज (जवळच्या उंच फटक्याची काठी) असताना. तळं नाही, तरी प्रत्येक ड्राइव्हला (पहिल्या लांब फटक्याला) विचार करावा लागतो.

नक्कल फसते ती फेअरवे अरुंद केल्याने. होल अवघड करायच्या नादात रुंदी कापली की डावं-उजवं निवडायला उरतच नाही. ५०-६० यार्ड रुंदी ठेवाच.

मुरूम: उतारशी सहमत. फक्त सपाट रानात बंकर खोल खणू नका, पाणी काढायला उतारच मिळत नाही आणि जुलैत डबकं होतं. ग्रीन दीड मीटर उचला, बंकर अर्धा मीटरच खणा. खेळणाऱ्याला दोन मीटरच वाटतो. भरावाला काळी माती अजिबात नको: पावसात फुगते, उन्हात भेगाळते, ग्रीनचे उतार हलतात. मुरूम थराथराने दाबा. वर १० सेंमी खडी, त्यावर ३० सेंमी वाळूचा थर. निचऱ्याच्या पाइपांमधलं अंतर ५ मीटरच्या आत. खडीखालच्या तळालाही वरच्यासारखेच उतार द्या, नाहीतर वाळूची जाडी कमीजास्त होऊन एका बाजूचं गवत आधी सुकतं. झेंडा लावायच्या जागी उतार ३ टक्क्यांच्या आत.

टी_बॉक्स: आणि बेट?

उतार: नको. बेटावरच्या ग्रीनसाठी गाजलेल्या फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास कोर्सच्या १७व्या होलजवळची वाळू कोर्सच्या इतर भागांसाठी उपसली गेली आणि मोठा खड्डा उरला, म्हणून कोर्स आखणाऱ्या पीट डाय यांच्या पत्नी ॲलिस डाय यांनी बेट सुचवलं. तुम्हाला मुद्दाम खणावं लागेल. शिवाय तिथे एकच फटका आहे, नवख्याला बगल देऊन जायची वाटच नाही.

सिंचनासाठी शेततळं लागणारच असेल तर ॲरिझोनातल्या टीपीसी स्कॉट्सडेल कोर्सचा १७वा बघा. १९८६, आखणी वाइसकॉफ आणि मॉरिश यांची. ३३२ यार्डांचा पार-४, एका फटक्यात गाठता येतो, पण ग्रीनच्या डावीकडे पाणी. भित्र्याने उजवीकडे मारावं, त्याला अवघड चिप (ग्रीनजवळून मारायचा छोटा फटका) उरते. फक्त उन्हाळ्यात तळं दोन मीटर खाली जाणार हे धरून काठ आखा. ग्रीनकडचा काठ दगडी पिचिंगचा करा, नाहीतर काळी माती ढासळत ग्रीनपर्यंत येते.