मुलं आणि फुटबॉल : सुरुवात कशी केलीत?

पुणे
लेक सहा वर्षांची. पार्किंगमध्ये मोठ्या मुलांच्या मागे पळून पळून आता तिला 'खराखुरा' फुटबॉल शिकायचाय. घरात आम्ही दोघंही क्रिकेटवाले, त्यामुळे अकादमी गाठायची की नुसतं मैदानावर सोडायचं, बूट कुठले, चेंडू कुठला, सगळाच आनंद. ज्यांची पोरं खेळतात त्यांनी लिहा. जाहिरातीतली माहिती भरपूर जमलीये, अनुभव हवेत.

कोल्हापूर
पेठेत राहत असाल तर पोराला फुटबॉलला घालावं लागत नाही, ते जन्मतःच घातलेलं असतं. आमच्या चिरंजीवांना पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांतली चुरस आधी कळली, ऑफसाइडचा नियम अजून कळायचाय. शाहू स्टेडियमवर आजोबांच्या शेजारी बसून जे कानावर पडलं, त्यातलं निम्मं इथं लिहिता येणार नाही.

कामाचं सांगतो. चेंडू. दुकानदार पाच नंबर गळ्यात मारतो, वर "वाढत्या अंगाचं पोरगं आहे" म्हणतो. अहो, चेंडू म्हणजे शाळेचा युनिफॉर्म नव्हे! पाच नंबर मोठ्यांचा: घेर 68 ते 70 सेंमी, वजन 410 ते 450 ग्रॅम. आठ वर्षांच्या आतल्याला तीन नंबर, पुढं बारापर्यंत चार. नंबर चेंडूवरच छापलेला असतो. जड चेंडूला पोरगं बिचकतं आणि बुटाच्या टोकानं ढोसायला लागतं. ती खोड मग सुटता सुटत नाही. बाकी सुरुवातीला बोळातली भिंत पुरे. आतल्या बाजूनं मारायचं, परत आलेला थांबवायचा, मग डाव्या पायानं. शेजारच्या काकू ओरडेपर्यंत.

ठाणे
मुलीची आई आहे म्हणून लिहिते. मिश्र बॅचमध्ये मुलं तिला पास देईनात. तक्रार करायला गेले तर सरांनी आधीच उपाय केला होता: टीममधल्या प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. आठवडाभरात पोरं तिचं नाव घेऊन ओरडायला लागली.

इकडे सगळा खेळ टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर. टर्फसाठी खाली बारीक रबरी गुठळ्या असलेले बूट घ्या. मातीच्या मैदानाचे लांब स्टड टर्फमध्ये अडकतात आणि गुडघा पिरगळतो. शिनगार्ड (नडगीवरची ढाल) मोज्यांच्या आत. आणि बूट गॅलरीतच झटकत जा. ते काळे रबराचे दाणे मला वॉशिंग मशीनमध्ये, गादीवर, एकदा तर वरणाच्या पातेल्याशेजारी सापडलेत.

श्टुटगार्ट
इथे गावागावात क्लब, बहुतेक प्रशिक्षक कुणाचे तरी आईबाबाच. 2024-25 च्या हंगामापासून जर्मनीत लहानग्यांचा खेळच बदललाय. अगदी छोट्यांचे दोघांविरुद्ध दोघं किंवा तिघांविरुद्ध तिघं, चार छोटे गोल, गोलकीपर नाही. गुणतक्ताही नाही. आमच्या मुलाला पहिल्या सामन्यानंतर कोण जिंकलं विचारलं, तर म्हणाला, "माहीत नाही, पण मी तीन मारले." मला मात्र दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं झालं. स्कोअर मीच मनात मोजत होतो.

नागपूर
मी लहान मुलांना शिकवतो, म्हणून अकादमी कशी पारखायची ते सांगतो. फी, जर्सी, भिंतीवरचे फोटो सोडा. एक सेशन बाहेर उभं राहून बघा. आपल्या मुलाच्या वयाचं एक पोर निवडा आणि दहा मिनिटांत चेंडू त्याच्या पायाला किती वेळा लागतो ते मोजा. वीस मुलं, दोन चेंडू आणि शंकूंपुढे लांबलचक रांग असेल, तर तुम्ही रांगेत उभं राहण्याचे पैसे भरताय. सहा-सात वर्षांच्याला स्वतःचा चेंडू हवा आणि सेशनचा निम्मा वेळ चार-चार जणांचा खेळ. मैदानाला पळून चकरा मारून 'स्टॅमिना' वाढवणाऱ्यांपासून लांब राहा, तो पकडापकडीत वाढतो. हेडिंगची, म्हणजे डोक्यानं चेंडू मारण्याची, घाई नको. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंदच आहे.

आणि पालकहो, मैदानाच्या कडेवरून "शूट! शूट!" ओरडू नका. मी "पास" म्हणतो, तुम्ही "शूट" म्हणता, पोर जागच्या जागी उभं राहतं.

मडगाव
आमच्या गावात भातकापणी झाली की शेतंच मैदानं. अनवाणी, चपलांचे गोल, वय सात ते सतरा सगळे एकत्र. मुलगा अकादमीत पुढे गेला, पण अंगावर आलेल्याला चकवायला तो तिथेच शिकला. मोठी मुलं लहानाला कुणी न सांगता सांभाळून घेतात. आठवड्यातून एकदा तरी अशा बेशिस्त खेळाला सोडाच.

नांदेड
एक रुक्ष सूचना. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव, तारीख आत्ताच जुळवून घ्या. शाळेकडून सुब्रतो कपच्या (शाळांची फुटबॉल स्पर्धा) जिल्हा फेरीला उतरायचं तर वयाचे कागद लागतात. आमच्याकडे एका अक्षराचा फरक निघाला. दुरुस्ती होईपर्यंत पोरगं बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळत होतं, आणि मी एका कार्यालयातून दुसऱ्यात.