चढावावर गाडीचा दम जातो: जुन्या गाड्यांचे अनुभव लिहा

रुमडाची_सावली
आज गोव्यातल्या बोरीच्या चढावावर पुढे एक पांढरी मारुती ८०० होती. दोन गचके, दम गेला, परत पळाली, परत गचके. कार्बोरेटरचे दिवस आठवले, म्हणून हा धागा.

हा आजार अधूनमधूनचा, तीच पंचाईत. गाराजात नेली की गाडी शहाण्या पोरासारखी वागते. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलायचा आणि बिल वाढवायचं. त्यापेक्षा डॅशबोर्डात वही ठेवा: इंजिन गार की तापलेलं, टाकी किती भरलेली, चढ की सपाट, पाऊस होता का. पाच नोंदी झाल्या की दिशा कळते. चढावावर दम जातो आणि पाय सैल केला की सावरते, तर आधी पेट्रोल येण्याचा मार्ग तपासा. स्विच बंद-चालू केल्यासारखा झटका बसतो, तर इग्निशन. गचका नाही, नुसती मागून कोणी धरल्यासारखी, तर सायलेन्सरची बाजू. पुढचं तुम्ही लिहा.

कालचं_हुमण
टाकीचं झाकण!! बंद पडल्यापडल्या उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच नीट चालली, तर टाकीचा ब्रीदर बुजलाय. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर पंप ओढून ओढून दमतो. आपल्याकडे कुंभारीण माशी त्या नळीत मातीचं घर बांधते. नळी सोडवून तारेने कोरून काढा. टाकीच्या दिशेने फुंकू नका, माती आत जाईल.

माडाची_झावळी
कार्बवाल्या ८००ला एसी पंप आधी बघा. थंड हवेचा एसी नव्हे हो, कॅमवर चालणारा डायफ्रामचा पेट्रोल पंप. इंजिन गार असताना कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा (इंजिनच्या धातूला टेकवा) म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्बकडची नळी बाटलीत सोडा आणि १० सेकंद सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात यायला हवं. फेस आला तर टाकी ते पंप या नळीत चीर आहे. तिथे पंपाची ओढ असते, त्यामुळे इंजिन चालताना पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणूनच ती चीर कोणाला दिसत नाही.

आणि फ्लोट चेंबरचा (कार्बातली पेट्रोल साठायची वाटी) तळ बघा. गाळ जोरात ओढला जाऊन मेन जेटला (पेट्रोल जायचं बारीक भोक) चिकटतो, इंजिन बंद केलं की खाली बसतो. दहा मिनिटांनी गाडी आपोआप ‘बरी’ होते ती त्यामुळे. जेटात तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा, बस्स.

पावसाळी_बेडूक
परवरीच्या ट्रॅफिकात नव्या गाड्यांचापण दम जातो 😀

तांबडी_माती
डिचोली-सांगे या खाणींच्या, लाल धुळीच्या पट्ट्यात एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. लाल झाला असेल तर पुस्तकातले किलोमीटर विसरा, आधीच बदला. धुऊन परत घालू नका, कागद आहे तो.

बेडूकला: परवरीला सकाळी आठच्या आधी निघायचं, दुसरा उपाय नाही.

फीलर_गेज
पावसात मिसिंग मारत असेल तर रात्री बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीने प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या उडताना दिसतील तीच वायर गेली. हात लांब ठेवा. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत काळी केसासारखी रेघ दिसली तर कॅप बदला, घासून उपयोग नाही.

पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरात उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट असलेल्या) गाडीत गॅप ०.४ ते ०.५ मिमी, कार्ब ८००चा प्लग ०.७ ते ०.८. हे सगळं ठीक असून एक्सलेटर दाबल्यावरच झटका येत असेल, तर डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटच्या प्लेटची छोटी वायर तपासा. व्हॅक्यूम अॅडव्हान्सने (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढेमागे करणारा भाग) प्लेट फिरते, तशी ती वायर वाकते आणि वरचं आवरण शाबूत असताना आतून तुटते. मीटर लावून प्लेट हाताने फिरवा, लगेच सापडते.

शीतकडी
एमपीएफआयचं (कार्ब नसलेल्या, इंजेक्शनवाल्या गाड्यांचं) कोणी लिहा ना, घाईत आहे, कुकर लावलाय

झावळी नव्हे, माड
लिहितो, शिट्ट्या मोजा. तापली की बंद, अर्ध्या तासाने चालू: क्रँक सेन्सर. बंद पडलेल्या अवस्थेतच सेन्सरवर गार पाणी ओता. चालू झाली तर तोच. चढावावर दम जातो: पेट्रोलचं प्रेशर. लांब नळीचा गेज लावून काचेवर वायपरखाली अडकवा आणि चढ चढा. उभ्या गाडीत २.५ ते ३ बार दाखवणारा पंप चढावावर मान टाकतो. एक्सलेटर हळूहळू दाबताना थ्रॉटल सेन्सर मीटरवर ०.५ ते ४.५ व्होल्ट सलग वाढला पाहिजे, मध्ये सुई पडली तर खराब. आणि अर्थ! खारी हवा आहे आपली. बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक, सेल्फ मारताना ०.२ व्होल्टच्या वर फरक नको.

सायलेन्सरसाठी व्हॅक्यूम गेज: आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे). २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली येत राहिला तर कॅट (सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर) चोंदलाय.

शीतकडी
चार शिट्ट्या झाल्या. देव बरे करो 🙏

कालचं_हुमण
इंजिन उघडण्याआधी दोन गोष्टी. आरपीएम वाढतो पण वेग नाही, म्हणजे क्लच प्लेट. आणि गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक भट्टीसारखं असेल तर ब्रेक कॅलिपर गंजून अडकलाय. किनाऱ्याकडच्या गाड्यांना हे फार.

तांबडी_माती
ई-२०चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) राहिलं. जुन्या रबरी नळ्या आतून सुटतात, तुकडे फिल्टरात. इथेनॉल ओल धरतं, पावसाळाभर उभ्या गाडीत पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि पंप आधी तेच ओढतो. चवथीला गाडी काढण्याआधी तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा.

पावसाळी_बेडूक
एसी पंपाचं डायफ्राम किट कुठे मिळेल? म्हापशाला?

माडाची_झावळी
मिळेल, पण शुक्रवारी जाऊ नको, आठवड्याचा बाजार असतो, गाडी लावायला जागा नाही. जुना पंप सोबत ने, भोकं जुळवून घे.

पावसाळी_बेडूक
शुक्रवारीच जाणार, चुरीसपण (गोव्याचं सॉसेज) आणायचेत