डेन राजाला ‘फेरो’ म्हणावे काय?

शंका : इजिप्तच्या पहिल्या घराण्यातील डेन याचा उल्लेख मराठीत ‘फेरो’ असा करावा, की ‘राजा’ असा? काही ठिकाणी याच राजाचे नाव ‘उसाफाइस’ असे आढळते, ते कसे?

उत्तर : ‘राजा’ हेच योग्य. ‘फेरो’ ज्या ‘पेर-आ’पासून आला, त्याचा अर्थ ‘मोठे घर’, म्हणजे राजवाडा. खुद्द राजाला उद्देशून तो वापरला जाऊ लागला अठराव्या घराण्यात, डेननंतर सुमारे दीड हजार वर्षांनी. शहाजीराजांना ‘छत्रपती’ म्हणावे, तसलाच हा प्रकार होईल. डेनची स्वतःची उपाधी ‘नेसूत-बिती’ अशी होती व ती त्याच्याच कारकिर्दीत प्रथम दिसते. तिचा शब्दशः अर्थ ‘लव्हाळ्याचा आणि मधमाशीचा’ असला, तरी रूढ भाषांतर ‘वरच्या व खालच्या इजिप्तचा राजा’ असे होते. याच राजाच्या आबनुसी पट्टीवर तो वरच्या व खालच्या इजिप्तचा मिळून असलेला दुहेरी मुकुट घालून हेब-सेद या राजाच्या जुबिली उत्सवात बसलेला व धावतानाही कोरला आहे, हे उपाधीशी जुळते.

‘उसाफाइस’ हे मनेथो या प्राचीन इजिप्शियन पुरोहित-इतिहासकाराच्या ग्रीक राजयादीतील रूप. डेनचे दुसरे नाव डोंगराळ वाळवंट दर्शवणाऱ्या दोन चिन्हांनी लिहीत. पुढच्या काळातील लेखनिकांनी ती चिन्हे ‘प्रांत’ या अर्थाची समजून वाचली आणि त्या चुकीच्या वाचनातून हे नाव घडले. मनेथो डेनला 20 वर्षांचे राज्य देतो. परंतु हेब-सेद हा परंपरेने 30 वर्षांच्या राज्यानंतरचा उत्सव असल्याने तो आकडा मला कमी वाटतो.

आणखी एक मत : सर्वसाधारण वाचकांसाठीच्या लेखात ‘फेरो’ चालून जाईल, कारण मराठीत तो ‘प्राचीन इजिप्तचा राजा’ एवढ्याच अर्थाने रुळला आहे. मात्र डेनची आई मेरनेइथ हिच्यासाठी ‘राणी’ऐवजी ‘राजमाता’ हाच शब्द वापरावा. अबायडॉस येथे, म्हणजे पहिल्या घराण्याच्या राजांच्या दफनभूमीत, सापडलेल्या मुद्रेच्या ठशात नार्मरपासून डेनपर्यंतच्या राजांबरोबर तिचे नाव येते ते ‘राजाची माता’ म्हणूनच. आणि डेन लहान असताना तिने राज्यकारभार पाहिला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिची कबरही त्याच दफनभूमीत आहे. डेनच्या तेथील कबरीला तर खाली उतरणारा जिना आहे आणि दफनकक्षात अस्वानचा ग्रॅनाइट घातलेला आहे.